आलं तसं परत

हरेश्वर घरत यांच्या हातून देशात आलेलं बहुतेक सामान पुन्हा देशाबाहेर गेलं आहे. त्यांचं कामच ते आहे. उरण तालुक्यात, बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रस्त्यालगत, एका टायरच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं दोन टेबलांचं ऑफिस आहे. एका टेबलावर ते बसतात, दुसऱ्यावर त्यांच्या पत्नी रचना. लोकांचा माल कस्टम्समधून सोडवून देणारे एजंट या भागात पावलोपावली भेटतात. कोणी भंगार सोडवतं, कोणी डाळी, कोणी यंत्रांचे सुटे भाग. हरेश्वर तात्पुरत्या मालाचं काम करतात. प्रदर्शनातली यंत्रं, चित्रीकरणाचे कॅमेरे, एका वाद्यवृंदाची वाद्यं, एकदा तर सुटा करून आणलेला रबरी डायनासोर. हे सगळं येतं, काही महिने राहतं आणि परत जातं. गोदामांतले हमाल त्यांना 'पाहुणेवाले' म्हणतात.

या कामातली मुख्य अट एका ओळीत सांगता येते. आलं तसं परत गेलं पाहिजे. तीच वस्तू, त्याच अवस्थेत, मुदतीच्या आत. बाकीचे नियम या ओळीभोवतीच फिरतात.

हरेश्वर यांचे वडील नामा घरत मिठागरात काम करत. आजोबाही तेच करत. आज जिथं कंटेनर एकावर एक रचलेले असतात तिथं वाफे होते. भरतीचं पाणी आत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि तळाशी धरलेलं मीठ लांब दांड्याच्या लाकडी फळीनं काठाकडे ओढायचं. बंदर आलं, मिठागर गेलं. नामांनी नंतर एका गोदामावर वॉचमनची नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या नोकरीबद्दल ते काही बोलत नाहीत, मिठाबद्दल मात्र कितीही बोलतात. हरेश्वर बंदरात गोण्या मोजायला लागले, मग वाशीच्या एका एजंटकडे कागद पोहोचवायला, मग तिथंच टेबलावर. एजंटच्या परवान्याची परीक्षा ते तिसऱ्या खेपेला पास झाले. परवाना हाती आला तेव्हा केस पांढरे व्हायला लागले होते. तोवरची सगळी कामं मालकाच्या नावावर झाली होती. स्वतःच्या सहीचं पहिलं तात्पुरतं काम आणलं ते रचना यांच्या भावानं.

विनेश यांची चौलला नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत पर्यटकांसाठी काही खोल्या. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर ते रेवसहून लाँचनं करंजाला उतरले आणि शहाळ्यांची गोणी घेऊन थेट ऑफिसात आले.

"भावोजी, पोर्तुगालची एक बाई येतेय. तेरेझा. आमच्याकडं राहून गेलेली. तिचं तिकडं घरचं मिठागर आहे. जुनी अवजारं घेऊन येते म्हणते. आपण वाडीत प्रदर्शन मांडू, शेजारी आपल्याकडची ठेवू. दहा फळ्या आहेत तिच्या, मीठ ओढायच्या. कुरिअरनं मागवू ना?"

"मागव," हरेश्वर म्हणाले. "ड्यूटी भर. मग परत पाठवताना माझ्याकडं रडत ये."

"मग काय करू?"

"तीन वाटा आहेत."

रचना कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाल्या, "विन्या, आधी चहा सांग. तीन वाटा म्हणाले की अर्धा तास गेला."

हरेश्वरांनी तीन वाटा सांगितल्या. पहिली कार्नेट. माल निघतो त्या देशातली व्यापाऱ्यांची संस्था तो काढून देते. त्यात मालाची यादी असते, आणि माल परत आला नाही तर ड्यूटी आम्ही भरू अशी त्या संस्थेची हमी असते. येताना शिक्का, जाताना शिक्का, मधे ड्यूटी नाही. दुसरी वाट म्हणजे इथल्या कस्टम्सला बाँड लिहून द्यायचा, वर बँकेची हमी, आणि ठरलेल्या मुदतीत माल बाहेर काढायचा. तिसरी वाट, सरळ ड्यूटी भरून माल सोडवायचा आणि तो परत बाहेर गेला की भरलेल्यातला काही भाग मागायचा. सगळा मिळत नाही. वस्तू वापरली असेल तर आणखी कमी मिळतो, आणि थांबावं लागतं.

"म्हणजे पासपोर्ट, जामीन, नाहीतर डिपॉझिट," विनेश म्हणाले.

"डिपॉझिट नाही ते. पण तुझ्या डोक्यात तसं बसत असेल तर बसू दे."

कार्नेट ठरलं. तेरेझानं तिकडून तो काढला. दहा फळ्यांची यादी झाली आणि प्रत्येक फळीच्या दांड्याच्या टोकाला पांढऱ्या रंगानं आकडा घातला, एक ते दहा. ओळखीची खूण म्हणून यादीत तोच आकडा लिहिला. थंडी सुरू झाली तेव्हा पेटी बंदरात उतरली. अधिकाऱ्यांनी आकडे यादीशी ताडून शिक्का मारला. पेटी बंद करण्याआधी रचना यांनी प्रत्येक फळीचे दोन्ही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढले. त्या प्रत्येक मालाचे काढतात. वाटेत काही मोडलं तर विमावाल्यांशी वाद नको म्हणून.

प्रदर्शन चांगलं झालं. वाडीतल्या मांडवात एका बाजूला पोर्तुगालच्या फळ्या टांगल्या होत्या, समोर उरणकडच्या. विनेशनं बाजूला एक छोटा वाफा खणून त्यात खाडीचं पाणी भरलं होतं आणि तिथं नामांना उभं केलं होतं. शाळांच्या सहली यायच्या. नामा धोतर खोचून आपल्या फळीनं मीठ ओढून दाखवायचे. तेरेझाच्या फळ्यांना हात लावायचा नाही असं हरेश्वरांनी त्यांना बजावलं होतं. नामा त्यांच्याभोवती फेऱ्या मारत राहिले.

"हिची सातवी फली कच्ची हाय," एका दुपारी त्यांनी विनेशला सांगितलं. "दांडा भुंग्यानी पोखरलेला. ओढाया गेली तर हातान येईल."

"ती ओढणार नाही हो. दाखवायला आणलीय."

"मीठ न ओढनारी फली कशाला दाखवायची?"

तेरेझा काही दिवस राहून परत गेली. प्रदर्शन पुढं दिवेआगरला जायचं होतं, तिथून परत चौलला येऊन पेटी भरायची होती. निघताना ती नामांपाशी आली. विनेश मधे दुभाषी.

"मामा म्हणतात, परत पाठवायच्या आधी मी फळ्या साफ करून देईन."

तेरेझाला वाटलं, धूळ पुसतील. तिनं हात जोडून आभार मानले.

मिठागरात मोसमाच्या शेवटी अवजारं एकमेकांना परत करायची एक रीत होती. शेजारच्या आगरातून फळी उसनी आणली असेल तर ती मिठासकट परत जात नसे. गोड्या पाण्यानं धुवायची, दांडा फुटक्या काचेनं खरवडून गुळगुळीत करायचा, करंजेल, म्हणजे करंजाच्या बियांचं तेल, चोळून दोन उन्हं द्यायची. दांडा कच्चा झालेला असेल तर नवा घालायचा, आणि त्याची वाच्यता करायची नाही. तशी न देणाऱ्याला पुढच्या मोसमात कोणी फळी देत नसे. नामांच्या हिशेबी साफ करणं म्हणजे हे सगळं.

मे महिन्यात फळ्या दिवेआगरहून चौलला परत आल्या. हरेश्वर उरणमध्ये जहाजाची जागा मिळवण्यात अडकले होते, कारण मुदत संपत आली होती. पेटी भरायचं काम त्यांनी विनेशवर सोपवलं. वाडी पर्यटकांनी भरलेली, विनेश मासळी आणायला रेवदंड्याला. शब्द दिल्याप्रमाणे नामा चौलला आले होते. त्यांनी विहिरीपाशी बसून दहाही दांडे खरवडले. सातव्याचा दांडा काढून टाकला, बाभळीचा नवा तासला आणि लाकडी खुंटीनं बसवला. लोखंड नाही, ते खारात टिकत नाही. जुना दांडा पर्यटकांच्या अंघोळीच्या बंबात गेला. फळ्या करंजेल पिऊन काळसर झाल्या. विनेशला त्या छानच वाटल्या. त्यांनी पेटी भरून खिळे ठोकले आणि टेम्पोत चढवली.

गोदामात पेटी उघडली तेव्हा आधी वास आला.

"हे काय, तेल?" तपासणीच्या अधिकारी म्हणाल्या. मॅडम नव्यानं बदलून आलेल्या होत्या, हरेश्वरांशी ओळख नव्हती. त्यांनी एक फळी उचलली, दांड्याचं टोक पाहिलं, दुसरी उचलली. "आकडे कुठायत?"

हरेश्वरांनी तिसरी उचलली. दांडा तळहाताला रेशमासारखा लागत होता. त्यांना ते काम कोणाचं आहे हे लगेच कळलं.

यादीत ओळखीची खूण म्हणून दांड्यावरचा आकडा होता, आणि दांड्यांवर आकडे नव्हते. समोरच्या फळ्या त्याच आहेत हे ठरलं नाही तर जाण्याचा शिक्का बसणार नव्हता. शिक्का नाही म्हणजे कागदोपत्री माल देशातच राहिला. मग ड्यूटीची मागणी इथल्या तशाच संस्थेकडून तिकडच्या संस्थेकडं आणि तिथून तेरेझाकडं जाणार, आणि स्वतःच्या सहीच्या पहिल्याच कामात हरेश्वरांना परवान्याबद्दल खुलासा द्यावा लागणार. ज्याच्या परवान्यावर एकदा असा शेरा बसतो त्याच्याकडं तात्पुरता माल कोणी पाठवत नाही. हे सगळं त्यांना मॅडमपेक्षा आधी समजलं होतं.

रंग घासाघाशीत उडाला, असं म्हणता आलं असतं. लाकडाच्या पेट्यांत उडतो. मॅडमनी तो शब्द जवळजवळ तोंडातही दिला. "प्रवासात गेले का?"

"नाही," हरेश्वर म्हणाले. "वडिलांनी खरवडले."

"का?"

"परत द्यायच्या होत्या म्हणून."

मॅडमनी त्यांच्याकडं पाहिलं. हरेश्वरांनी रीत सांगितली, दोनच वाक्यांत. बाजूला उभा असलेला हमाल हसला. "पाहुण्याला उटणं लावून पाठवलं म्हना की."

"तुम्ही गप्प बसा," मॅडम म्हणाल्या, पण रागानं नाही. "आल्यावेळचं काही आहे का? फोटो?"

रचनांनी ऑफिसातून फोटो पाठवले. वीस. गोदामाच्या दारात उजेड होता तिथं फळ्या ओळीनं मांडल्या. नामांनी दांडे खरवडले होते, पण मीठ ओढणाऱ्या पाट्यांना काच लावली नव्हती, नुसतं तेल दिलं होतं. तेलानं लाकडातल्या गाठी आणि रेषा उलट ठळक झाल्या होत्या. मॅडम मोबाइल घेऊन खाली बसल्या. एका पाटीचा कोपरा उडालेला, एकीला डोळ्यासारखी गाठ, एकीची कड एका बाजूनं झिजलेली. फोटो, फळी, फोटो, फळी. जुळली की त्या यादीवर पेन्सिलनं टिंब करत. त्यांना घाई नव्हती. हरेश्वरांना होती, पण त्यांनी ती दाखवली नाही.

नऊ जुळल्या. सातवीची पाटी जुळली, दांडा नाही. फोटोतला दांडा वाकडा, भोकं पडलेला. समोरचा सरळ, पिवळा, नवा.

"हाही त्यांनीच?"

"हो. भुंगा लागला होता."

"जुना कुठंय? तो असला तर बघता येईल."

"बंबात गेला."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "नऊंवर मी शिक्का मारते. ही अर्धीच ती आहे. अर्धीवर मला मारता येत नाही. तुम्ही वर अर्ज करा, दुरुस्ती झाली पण वस्तू तीच असं मांडा, मान्य होईलही. पण तोवर हे जहाज जाईल, आणि मुदतीचं तुम्हाला माहीत आहे. नाहीतर नऊ पाठवा, ही इथंच ठेवा आणि हिची ड्यूटी भरा. म्हणजे ही आली आणि राहिली. मालकिणीला विचारा. मी जेवून येते."

सातवी फळी तेरेझाच्या आजोबांची होती. हरेश्वर बाहेर जाऊन ट्रेलरच्या सावलीत उभे राहिले आणि त्यांनी फोन लावला. तिकडं सकाळ होती. त्यांनी काही न वगळता सांगितलं, घडलं त्याच क्रमानं.

"सातवी?" तिनं शेवटी विचारलं.

"सातवी."

"दांडा जाळला?"

"अंघोळीचं पाणी तापवायला."

फोनवर वाऱ्याचा आवाज येत होता. ती बाहेरच असावी.

"आजोबांनीही तो दोनदा बदलला होता," ती म्हणाली. "एकदा माझ्या डोळ्यांदेखत. नवा कसला घातलाय?"

"बाभळीचा."

"खिळा मारलाय?"

"नाही. लाकडी खुंटी."

"मग काम बरोबर आहे," ती म्हणाली, आणि लगेच, "मला आवडलेलं नाही. पण काम बरोबर आहे. साफ करणं म्हणजे काय ते मी विचारायला हवं होतं. नऊ पाठवा. ती तिथंच राहू दे. ज्यांनी दांडा घातला त्यांच्याकडं. मी तसं लिहून देते."

जेवून आल्यावर मॅडमनी नऊंवर शिक्का मारला, सातवीपुढं शेरा लिहिला, आणि हरेश्वरांनी तिची ड्यूटी भरली. नव्या पेटीला वेळ नव्हता, म्हणून जुन्या पेटीतच सातवीच्या जागी भुश्शाची पोती कोंबली. जहाज गेलं. परवान्याला धक्का लागला नाही. सगळा कागद मात्र तीन वेळा तपासला गेला आणि तिन्ही वेळा कोणीतरी विचारलं, "बंबात?"

घरी त्या संध्याकाळी नामा ओट्यावर बसले होते. हरेश्वरांनी फळी भिंतीला टेकवली.

"काय झाला? परत दिली?"

"बाबा, तुम्ही न विचारता दांडा का बदललात?"

"कच्चा होता."

"कच्चाच हवा होता कस्टम्सला."

नामांना हे पटलं नाही. "कोनाची फली कच्ची परत करायची? नाव कोनाचं गेलं असता?"

"माझं गेलं असतं. तुम्ही बदललात म्हणून."

नामांनी फळी जवळ ओढली, दांडा हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "मग आता ही कोनाची?"

"तुमची. तिनं दिली."

"फुकट?"

"ड्यूटी भरलीय मी."

"मंग फुकट कशी," नामा म्हणाले, आणि फळी घेऊन आत गेले.

पुढं ती रोजच्या वापरात आली. अंगणात वाळत घातलेला जवळा गोळा करायला तिच्यासारखं काही नाही, असं नामांचं मत पडलं. रचनांनी तक्रार केली की पोर्तुगालची वस्तू सुकटीत लोळते आहे. नामा म्हणाले, भिंतीला टांगून कोन खानार हाय का तिला.

यंदा तेरेझाचा निरोप आला. तिच्या गावात तसंच प्रदर्शन आहे, या वेळी तिकडच्या फळ्यांशेजारी उरणची. नामांची फळी हवी आहे आणि सातवीही. हरेश्वरांनी विचारलं, सातवी कायमची घेऊन जायची का? मग नुसती निर्यात करू, सोपं आहे. तिचं उत्तर लगेच आलं. नको, ती आता तुमच्या वडिलांची आहे. तात्पुरती पाठवा.

म्हणून या वेळी कार्नेट इकडून काढला गेला. यादीत दोनच वस्तू होत्या. मालक म्हणून नामा घरत यांचं नाव, ओळखीची खूण म्हणून आकडा, आणि तो या वेळी दांड्यावर नव्हे, पाटीच्या मागच्या अंगाला, तापवलेल्या सळईनं डागलेला. वर्णनात हरेश्वरांनी लिहिलं: दांडा बाभळीचा. जवळ्याच्या वासाचा रकाना यादीत नसतो, त्यामुळं तो लिहिला नाही.

पेटीला खिळे मारताना नामा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. त्यांना एकच गोष्ट नक्की करून घ्यायची होती.

"परत येतील ना?"

"यावंच लागतं. सहा महिन्यांत."

"आनि तिकडची लोकं परत देताना तेल लावतान का?"

हरेश्वरांनी शेवटचा खिळा मारला. "लावू नका म्हणून लिहून दिलंय मी त्यांना."

नामांनी मान हलवली. कोरड्या परत आलेल्या फळ्या घरात घ्यायच्या की नाहीत, याचा विचार ते करत असावेत.